फाईल नवऱ्याच्या हातात: इंदुरातल्या होणाऱ्या बाबांसाठी, पहिल्या महिन्यापासून सव्वा महिन्यापर्यंत

रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, इंदुरातल्या मराठी घरात दिवस गेल्याची बातमी आली की सगळा कारभार आई, आजी, आत्या यांच्या हाती जातो. नवऱ्याच्या वाट्याला उरतं फळं आणणं, बिल भरणं आणि सोनोग्राफी सेंटरबाहेर गाडीवर बसून मोबाईल बघणं. "तुला काय कळतंय त्यातलं" असं त्याला ऐकवतात, आणि खरं सांगायचं तर ते त्यालाही सोयीचंच असतं.

पण बाळंतपणात जीव कशामुळे जातात ते बघितलं की ही सोय महागात पडणारी आहे हे कळतं. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ मध्ये तीन उशीर दाखवून दिले: दवाखान्यात जायचं ठरवायला उशीर, तिथे पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला उशीर. घर चालतं कसं ते आठवून पाहा. पैसे कोणाकडे, गाडीची चावी कोणाकडे, "जरा सकाळपर्यंत थांबू" हे कोण म्हणतं? पहिले दोन उशीर बहुतेक घरांत पुरुषांच्या हातात असतात, आणि तिसराही कागद आणि रक्त तयार असेल तर कमी होतो. या लेखातलं प्रत्येक काम त्यासाठीच आहे. पाय चेपून द्या, जरूर द्या, पण आधी हे.

सुरुवातीलाच एक मर्यादा सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पुरुषांच्या सहभागाची शिफारस केली तेव्हा अट घातली होती की बाईची निवड आणि तिचे निर्णय यांचा मान राहिला पाहिजे. तिच्या तपासण्यांची फाईल सांभाळायची म्हणजे तिच्या वतीने बोलत सुटायचं, असा अर्थ नाही. डॉक्टरांनी प्रश्न तिला विचारला की उत्तर तिनेच द्यायचं. प्रत्येक भेटीत थोडा वेळ तुम्ही स्वतःहून बाहेर जा. नवऱ्यासमोर, सासूसमोर न सांगता येणाऱ्या गोष्टी असतात.

पहिले तीन महिने: तारीख, नाव, रक्त

शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली ती तारीख तुमच्या फोनमध्ये लिहून ठेवा. तिच्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. पुढचं सगळं वेळापत्रक यावरून ठरतं.

बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. खासगी डॉक्टरांकडे दाखवत असलात तरी वस्तीतल्या आशाताईकडे किंवा अंगणवाडीत नोंदणी करून जच्चा-बच्चा कार्ड घ्या, कारण सरकारी योजनांचा धागा त्या कार्डापासून सुरू होतो. सरकारी कार्यक्रमात किमान चार तपासण्या धरल्या आहेत: बारा आठवड्यांच्या आत, मग १४ ते २६, २८ ते ३४, आणि ३६ नंतर. जागतिक आरोग्य संघटना आठ सांगते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. सगळ्या भेटींना सुट्टी मिळणार नाही हे उघड आहे. निदान पहिली, विसाव्या आठवड्याच्या आसपासच्या सोनोग्राफीची, आणि शेवटच्या महिन्यातली एक, या चुकवू नका.

आता रक्त. तिचं रक्त तपासतात हे सगळ्यांना माहीत असतं. तुमचंही तपासायचं असतं हे फार थोड्यांना.

पहिलं म्हणजे रक्तगट. तिचा निगेटिव्ह आणि तुमचा पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं, आणि तिच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. त्याचा फटका बहुधा पुढच्या बाळाला बसतो. यासाठी अँटी-डीचं इंजेक्शन असतं: साधारण २८व्या आठवड्यात, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. गर्भपात झाला किंवा मध्येच रक्तस्राव झाला तरीही ते लागतं. ७२ तास मोजायची जबाबदारी तुमची, कारण त्या वेळी घरातले बाकी सगळे पेढे वाटण्यात असतात.

दुसरं थॅलेसेमिया, म्हणजे आईबापांकडून बाळाकडे येणारा रक्ताचा आजार. "आपल्यात हे नसतं" असं म्हणून सोडू नका. तिची तपासणी मायनर (म्हणजे आजाराची फक्त वाहक) आली तर त्याच आठवड्यात तुमची करा. दोघेही मायनर असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे गंभीर आजार, होण्याची शक्यता चारात एक असते. गर्भाची तपासणी करता येते, पण ती साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यापासूनच्या ठरावीक दिवसांत, म्हणून नवऱ्याने "पुढच्या महिन्यात बघू" म्हणणं इथे सर्वांत महाग पडतं.

तिसरं एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ ब. यात लाजण्यासारखं काही नाही, या नेहमीच्या तपासण्या आहेत. सिफिलिस निघाला आणि फक्त तिलाच औषध दिलं, तर तुमच्याकडून तो पुन्हा तिला लागतो.

सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही, सुचवायचं नाही, आणि आत्याबाईंना "ओळखीच्या" सेंटरचा नंबर काढू द्यायचा नाही. १९९४ च्या कायद्यात विचारणाऱ्या नातेवाइकालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

गोळ्या आणि ताट

चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी असते, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. सोबत कॅल्शियम दिवसातून दोनदा. गोळ्या आणल्या जातात, पण पोटात जात नाहीत. कारण त्यांनी मळमळतं, शौचाला घट्ट होतं, रंग काळा दिसतो आणि मग ती घाबरून बंद करते. काळा रंग नेहमीचा आहे, हे तिला आधीच सांगून ठेवा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा-दूध तासभर लांब. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, एकमेकांचा गुण मारतात. कॅल्शियम जेवणाबरोबर आणि लोह झोपण्याआधी, असं बसवलं तर बहुतेकींना सोसतं. फारच त्रास झाला तर डॉक्टर दुसरी गोळी देतात. मनानेच बंद करायची नाही.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर रक्त कमी समजतात, सातच्या खाली गेलं तर गंभीर. रिपोर्ट हातात आला की हा आकडा, रक्तदाब आणि साखर तुम्ही स्वतः वाचा. रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल तर "थकवा असेल" म्हणून सोडायचं नाही. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा वर आली तर ती गरोदरपणातली साखर. ही तपासणी सुरुवातीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात.

ताटाचं म्हणाल तर पुष्कळ घरांत अजून बायका शेवटी जेवतात, आणि उसळ-भाजीचं जे उरलं ते त्यांच्या वाट्याला येतं. तुम्ही तिच्याशिवाय पानावर बसायचं नाही असं ठरवलंत की भाषण न देता प्रश्न सुटतो. वरण, उसळ, दाणे, दूध-दही, चालत असेल तर अंडं. केशराच्या दुधाने बाळ गोरं होतं यावर वाद घालत बसू नका. दूध तर पोटात जातंय.

सराफ्यातलं पाणीपुरीचं पाणी मात्र या नऊ महिन्यांत नको. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ ई एरवी बहुतेक वेळा बरी होते, पण गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती प्राणघातक ठरू शकते. पोहे-जिलबी गरम समोर काढलेली असेल तर खुशाल खाऊ दे. तुमची सिगारेट गच्चीवर जाऊनही पुरत नाही, कारण धूर कपड्यांत येतो. गुटख्याबद्दल तिला काही सांगण्याआधी स्वतःचा खिसा तपासा.

पैसे आणि कागद

हे पूर्णपणे नवऱ्याचं काम आहे. पाचव्या महिन्याच्या आत संपवा.

मध्य प्रदेशात समग्र आयडीशिवाय, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकाशिवाय, पान हलत नाही. सून पुण्या-नागपूरहून आलेली असेल तर तिचं नाव इथल्या कुटुंबाच्या आयडीत जोडलेलं आहे का, आधारवरचं आडनाव आणि बँकेतलं आडनाव जुळतं का, हे आधी पाहा. लग्नानंतर एकीकडे नाव बदललं आणि दुसरीकडे राहिलं, एवढ्यावर अर्ज अडकतात. बँकखातं तिच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं, कारण पैसे तिथेच येतात.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र महिलेला पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात: ३,००० नोंदणी आणि तपासणीनंतर, २,००० बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या फेरीच्या लसी झाल्यावर. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. जननी सुरक्षा योजनेत मध्य प्रदेशात सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं तर शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात १,४०० रुपये. माहेर महाराष्ट्रात असेल आणि बाळंतपण तिकडे होणार असेल तर तिथले नियम वेगळे आहेत: रक्कम कमी, आणि ठरावीक गटांनाच. इथल्या आकड्यावर हिशेब धरू नका.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरापासून नेणं आणि परत आणून सोडणं, सगळं २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. इंदुरात एमटीएच म्हणजे महाराजा तुकोजीराव होळकर रुग्णालय, प्रकाशचंद्र सेठी रुग्णालय आणि गुंतागुंतीसाठी एम. वाय. म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय, ही नावं घरात सगळ्यांना पाठ हवीत. खासगी हॉस्पिटल ठरवलं असेल तरी रात्री दोनला तिथे भूलतज्ज्ञ असतो का, रक्त कुठून येतं, बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर सोय तिथेच आहे की दुसरीकडे न्यावं लागेल, हे तीन प्रश्न आधी विचारा. चकचकीत लॉबी बघून हॉस्पिटल ठरवणारे लोक हे विचारत नाहीत.

रक्तासाठी दोन-तीन मित्रांना सांगून ठेवा. इथे एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते: दुसरी सोय असेल तर नवऱ्याने बायकोला स्वतःचं रक्त देणं टाळावं. तुमच्या पेशींविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडं तयार झाली तर पुढच्या गरोदरपणात अडचण होऊ शकते. म्हणून मित्र. ज्यांनी गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलेलं नाही असे.

सातव्या महिन्यानंतर, आणि माहेरचा प्रश्न

डोहाळजेवण झालं की पहिलटकरीण माहेरी जाते, आणि जावई एकदम पाहुणा होतो. बाळ झाल्यावर फोन येतो, मग पेढे घेऊन जायचं. ही रीत मोडा असं मी म्हणत नाही. आईजवळ मुलीला जी विश्रांती मिळते ती सासरी क्वचितच मिळते. पण डॉक्टर बदलतो तेव्हा माहिती गळते, आणि ती गळू न देणं हे तुमचं काम.

प्रवास फार पुढे ढकलू नका. चौथा ते सातवा महिना प्रवासाला बरा. ३६ आठवड्यांनंतर लांबचा प्रवास नकोच. रात्रीच्या गाडीने जाणार असाल तर खालचा बर्थ, आणि दर दोन तासांनी चार पावलं चालणं. जाण्यापूर्वी सगळ्या रिपोर्टचे फोटो एका जागी ठेवा आणि मूळ फाईल तिच्याबरोबर द्या. तिकडच्या डॉक्टरांकडे पहिल्या आठवड्यातच नाव घाला, आणि त्या भेटीला तुम्ही हजर राहा. सासऱ्यांशी मोकळं बोला: "बाबा, रात्री काही झालं तर मला फोन करायला थांबू नका, आधी निघा. पैसे आईंच्या खात्यात पाठवून ठेवलेत." हे शब्द आधी बोललेले असले की परवानगी मागण्यात तास जात नाही.

सासरीच बाळंतपण असेल तर रस्ता ठरवा. इंदुरात रंगपंचमीला गेर निघते, अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांकी निघतात, आणि राजवाड्याकडचे रस्ते तासन्‌तास बंद असतात. तारीख त्या सुमारास असेल तर दुसरा रस्ता आधी गाडी चालवून पाहून ठेवा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. त्याशिवाय शेजारी कोणाची चारचाकी रात्री मिळेल ते विचारून ठेवा. कळा सुरू झाल्यावर ॲक्टिव्हावर बसवून न्यायचं नाही.

आता जे पाठ हवं ते. यातलं काहीही दिसलं तर वाट पाहायची नाही, सासूबाईंना विचारायचं नाही, निघायचं:

- अंगावरून रक्त जाणं, थोडं असलं तरी
- डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, झटका येणं
- पोटात वरच्या बाजूला जोराचं दुखणं
- ताप, किंवा बसल्या जागी धाप लागणं
- कळा नसताना पाणी जाणं
- बाळाची हालचाल एकदम कमी होणं

हालचालीसाठी २८ आठवड्यांनंतर रोज ठरावीक वेळी तिने डाव्या कुशीवर पडून मोजायचं. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर त्याच दिवशी दवाखाना. "गोड खा, हलेल" हा सल्ला देऊन रात्र काढायची नाही.

कळांची रात्र

पिशवी आठव्या महिन्यातच भरलेली हवी: फाईल, दोघांचे आधार, समग्र आयडी, आयुष्मान कार्ड असेल तर ते, पासबुकाची प्रत, चार्जर, थोडी रोख, पॅड, तिचे पुढून उघडणारे सैल कपडे, आणि धुतलेली मऊ झबली-टोपडी-दुपटी.

पहिल्या बाळंतपणात कळा सुरू झाल्या की लगेच धावायची गरज नसते. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ कागदावर लिहा. साधारण पाच मिनिटांवर, प्रत्येकी मिनिटभराच्या, आणि तासभर तशाच येत राहिल्या की निघा. पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर मोजत बसू नका. दुसरं बाळंतपण असेल तर लवकर निघा, ते वेगाने होतं. तोवर तिला चालू द्या, पाणी-पेज द्या, कंबर तळहाताने दाबा.

२०१६ मध्ये केंद्राने सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवायला परवानगी दिली, पण ती बाईमाणूस. एका खोलीत अनेक जणी असतात, त्यामुळे नवऱ्याला आत सोडत नाहीत. म्हणून आत कोण जाणार ते आधी ठरवा, आणि ती धीर देणारी हवी. "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणणारी नको. खासगीत नवऱ्याला येऊ देतात का ते आधीच विचारा. आत गेलात तर तिच्या डोक्याशी उभं राहायचं आणि व्हिडिओ काढायचा नाही.

सिझेरियनच्या कागदावर दवाखाने नातेवाइकाचीही सही घेतात, पण शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची स्वतःची संमती हीच मुख्य. "नवऱ्याला येऊ दे, मग बघू" म्हणून ऑपरेशन अडवायचं नाही.

बाळ आलं की पहिल्या तासात अंगावर पाजायचं. चीक हे त्याचं पहिलं अन्न. मध चाटवायला, सोनं उगाळून द्यायला, साखरपाणी पाजायला जो कोणी हात पुढे करेल त्याला अडवायला दारात तुम्हीच लागता. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, त्याने बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. आजीला दुखवायचं नसेल तर डॉक्टरांचं नाव पुढे करा. सिझेरियन झालं असेल आणि आई शुद्धीत येत असेल, तेव्हा डॉक्टरांना विचारून बाळाला तुमच्या उघड्या छातीशी धरा, वरून दुपटं. त्याची ऊब टिकते.

सव्वा महिना

बाळ घरी आलं की सगळ्यांच्या नजरा पाळण्याकडे वळतात आणि बाळंतिणीकडे कोणी बघत नाही. नेमका हाच काळ जोखमीचा. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, ताप असेल, स्रावाला घाण वास असेल, एक पोटरी सुजून दुखत असेल, तर दवाखाना. रक्तदाब बाळंतपणानंतरही वाढू शकतो, म्हणून डोकेदुखी आणि अंधारी या दिवसांतही गंभीर धरा.

डिंकाचे, अळिवाचे लाडू उत्तम. मालीशही. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी मात्र नको. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आई आणि बाळ दोघांनाही घातक. शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी द्या. पाणी कमी प्यायला लावतात तेही थांबवा, तहानेइतकं प्यायला हवं.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन पाहते. तिला दारातून परत पाठवू नका. जन्मनोंद २१ दिवसांत करा, मग विनाकारण हेलपाटे पडत नाहीत.

सुट्टी कशी वापरायची? केंद्र सरकारी नोकरीत दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असलेल्या पुरुषाला १५ दिवसांची पितृत्व रजा असते, बाळाच्या जन्मापासून सहा महिन्यांत घेता येते. खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही, साहेबांच्या मर्जीवर. जेवढी मिळेल ती सगळी हॉस्पिटलच्या बाकावर संपवू नका. माझ्या मते निम्मी तरी तेव्हासाठी ठेवा जेव्हा तिची आई परत जाते किंवा ती सासरी येते. त्या आठवड्यात घरात हात कमी पडतात. रात्रीचं एक पाजणं झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं तुमच्याकडे घ्या. तिला सलग चार तास झोप मिळाली तर मन सुधारतं.

मनाचं सांगायचं तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी विनाकारण रडू येणं नेहमीचं आहे, दोन आठवड्यांत ओसरतं. ते राहिलंच, झोप लागत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, मरणाचे विचार बोलून दाखवते, तर "सगळ्याच बायकांना होतं" म्हणू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मरणाचं बोलत असेल तर तिला एकटं ठेवू नका.

शेवटचं काम बहुतेक पुरुष बायकोवर सोडून मोकळे होतात. पुढच्या गरोदरपणात किमान दोन वर्षांचं अंतर हवं, आणि पाळी परत यायच्या आधीही दिवस जाऊ शकतात. म्हणून सव्वा महिन्याच्या तपासणीला दोघांनी मिळून विचारा: तांबी, इंजेक्शन, की निरोध. कुटुंब पूर्ण झालं असेल तर नसबंदी कोणी करायची? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के जोडप्यांत आढळली, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. वास्तविक बिनटाक्याची पुरुष-नसबंदी जागा बधिर करून थोड्या मिनिटांत होते आणि त्याच दिवशी घरी येता येतं. बाईच्या शस्त्रक्रियेत पोटाला छेद द्यावा लागतो. ताकद कमी होत नाही, संबंधात फरक पडत नाही. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड उचलणं आणि सायकल बंद. पुढचे तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्याची तपासणी करायची. रिपोर्टात शुक्राणू नाहीत असं लिहून आल्यावरच निरोध बंद करायचा, आधी नाही.